दोघे आले, कुत्रा तिघांवर भुंकला

तिसरं नवक, मंगळवार

लिही मंदाख. तुझ्या चर्चने तुला रोजनिशी ठेवायला सांगितलंय, आणि तुझ्या आयुष्यात कातडी कोटांचा कारखाना आणि बस यांखेरीज काही घडत नाही, म्हणून ही वही कोरी पडली आहे. कोरी वही आणि रिकामं पातेलं घरात ठेवू नये. मी सांगते, तू लिही. आजीला अक्षर येत नाही म्हणून तोंड पाडू नकोस. साक्षरतावाले दर हिवाळ्यात यायचे आणि दर हिवाळ्यात मी नेमकी मेंढ्यांमागे असायचे. दोन्ही बाजूंनी कोणी हट्ट सोडला नाही. तुझी ती तारीख कोपऱ्यात घाल हवी तर. मी थंडी आपल्या मंगोल रीतीने नवकांनी मोजते. नऊ दिवसांचं एक नवक, अशी नऊ गेली की हिवाळा गेला. आज तिसरं चालू आहे, त्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठून गळतं.

दुपारी तुझे मिशनरी आले. कुंपणाबाहेरून रीतीप्रमाणे ओरडले, "कुत्रा धरा!" मी बाहेर गेले. दोघेच होते. पण अस्वल्या तिघांवर भुंकला.

हसू नकोस. अस्वल्या माणसं मोजून भुंकतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आधी त्या जाड्या फिनाऊवर भुंकला. मग लांबड्या टिंगीवर. मग मान वळवून टिंगीच्या मागे, चार पावलांवर, जिथे नुसता बर्फ होता, तिथे भुंकला. तिथे भुंकून झाल्यावर शेपूट हलवली आणि बसला.

दोघांना आत घेतलं. दोघांच्याही छातीवर बिल्ला, त्यावर "एल्डर" म्हणजे वडीलधारा. एकाच्या ओठावर धड लव नाही, दुसरा थंडीने रडकुंडीला आलेला, आणि म्हणे वडीलधारे! एकमेकांनाही तेच म्हणतात, एल्डर अमुक, एल्डर तमुक, जसे दोन म्हातारे सरपंच. फिनाऊ समुद्रातल्या बेटावरचा, त्याने बर्फ इथे येईपर्यंत फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. टिंगी अमेरिकेतल्या कुठल्याशा बटाट्याच्या शेतावरचा. त्याची दोन वर्षं संपत आली, पांढऱ्या महिन्याचा, आपल्या नव्या वर्षाचा, सण झाला की तो घरी जाणार. आपला चहा त्यांच्या धर्माला चालत नाही, म्हणून मी त्यांना गरम पाण्यात दूध घालून देते. आपल्याकडे आजाऱ्याला देतात तेच. ते मिटक्या मारत पितात, बिचारे.

त्यांचं कोळसा फोडून झालं, पाण्याच्या टपरीवरून कॅन भरून आणून झालं. मग टिंगीने डोळे मिटून प्रार्थना केली आणि प्रार्थनेत त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. दर वेळी घेतो. भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला, गावच्या कालव्यावर बर्फ फुटून. हा तेव्हा इथेच होता. बापाने फोनवर सांगितलं, देवाचं काम अर्ध्यावर टाकू नकोस. याने टाकलं नाही. माती द्यायला गेला नाही.

तू आत्ता ते नाव लिहायला निघाली होतीस. खोड. मेलेल्याचं नाव या वहीत यायचं नाही.

तिसरं नवक, शुक्रवार

आज तू आणि ते दोघे, तिघांनी मिळून मला घेरलंत. आधीच ठरवून आला होतात, नाही म्हणू नकोस. "आजी, आजोबांचं नाव आमच्या चर्चच्या मंदिरात पाठवू या का?" असं लाडात येऊन विचारलंस. तिथे कोणीतरी जिवंत माणूस त्यांच्या नावाने पाण्यात बुडी मारणार, मग त्यांची सोय होणार.

मी म्हटलं, "ते जिवंतपणी वर्षातून एकदा नदीत उतरायचे, तेही दारू चढलेली असली तर. मेल्यावर कशाला त्यांना भिजवता?"

फिनाऊ हसला. टिंगी हसला नाही. पुस्तकातलं मंगोल बोलतो तो, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. म्हणाला, "आजी, नाव उच्चारलं नाही तर माणूस हरवतो. आम्ही नाव उच्चारतो, म्हणून घरातलं कोणी हरवत नाही. आम्ही सगळे पुन्हा एकत्र असणार आहोत."

"आणि आमच्यात नाव उच्चारलं की माणूस वाटेतून मागे फिरतो," मी म्हटलं. "बिचारा कसाबसा डोंगर चढत असतो आणि तुम्ही खालून हाका मारता. त्याने जायचं कसं? मंदाखच्या कागदांवर तिच्या आजोबांचं नाव आहेच. तिथेच राहू दे. तोंडात नको."

"मग तुम्ही त्यांना काय म्हणता?"

"अवघड नावाचे. गल्लीत कोणाचं तेच नाव असलं तर तोही अवघड नावाचा. तूही तुझ्या भावाला तसंच म्हण. त्याला कळेल, आणि तो थांबणारही नाही."

त्याने दुधाचं पाणी खाली ठेवलं. म्हणाला, "आजी, मी तेवढंही थांबवलं तर माझ्याकडे काय राहील?"

मी त्याच्या मागे बघितलं. दाराच्या चौकटीपाशी हवा जरा जाड होती, चुलीवरच्या वाफेसारखी. मग मी विचारलं, आईकडे जायला किती दिवस राहिले, खूश आहेस ना? तर खाली बघून म्हणाला, मिशनच्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिलंय, आणखी दोन महिने ठेवून घ्या म्हणून. फिनाऊलाही ठाऊक नव्हतं. तो आ वासून बघत राहिला.

मंदाख, मुलगा घरी जायला घाबरतोय. इथे असेपर्यंत त्याच्या घरात सगळी ताटं मांडलेली आहेत. घरी गेला की एक ताट कमी दिसणार.

चौथं नवक, रविवार

तू चर्चला गेलीस तेव्हा फिनाऊ तुला काय म्हणाला ते पुन्हा सांग, नीट लिहून ठेव.

टिंगी रस्त्याने चालताना उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालतो. बसमध्ये खिडकीपाशी सरकतो आणि शेजारची जागा कोणाला देत नाही. फिनाऊने विचारलं, "मी तुमच्या डावीकडे असतो. उजवीकडे कोण?" तर म्हणाला, "सवय."

फिनाऊ म्हणाला, आमच्या बेटावरही असं होतं, पण तिथे ते सोडवायला म्हाताऱ्या बायका असतात.

इथे काय आम्ही मेलो आहोत?

चौथं नवक, बुधवार

आज मी काम उरकलं. तू कामावर होतीस ते बरं झालं, नाहीतर तुझ्या नव्या धर्माची लाज म्हणून आडवी आली असतीस.

दोघे आले. अस्वल्या तिघांवर भुंकला. मी आधीच चुलीवर डोंगरी धूप टाकून ठेवला होता. टिंगीला शिंका आल्या. म्हणाला, "आजी, आज सण आहे का?" मी म्हटलं, "हो, उंदरांचा." त्याला कोळशाला पाठवलं, फिनाऊला पाण्याला. येताजाता दोघांना धुरातून काढलं.

निघताना मी त्यांच्या मागे बाहेर गेले. ओच्यात चुलीतली गरम राख घेतली होती. ते कुंपणापाशी पोचले तसं मी टिंगीच्या मागच्या त्या मोकळ्या जागेवर राख भिरकावली आणि जे बोलायचं ते ओठातल्या ओठात बोलले. लहान पोरगं आहे म्हणून आधी मायेने बोलले. तुझी वाट ही नव्हे, बाळा. दादाचं बोट सोड. मग हललं नाही म्हणून कडक बोलले. चालता हो. या दाराशी तुला कोणी ओळखत नाही. पाण्यातून आलास, पाण्याकडे जा.

राख हवेत थांबली. खोटं सांगत नाही. खाली पडायच्या आधी जराशी थांबली, कोणाच्या तरी खांद्यांवर पडल्यासारखी.

मग अस्वल्या उठला, आणि खाली नदीच्या दिशेने काहीतरी चाललंय असं बघत कुंपणाच्या टोकापर्यंत गेला. तिथे उभा राहून जे विव्हळला, ते मी याआधी फक्त लांडग्याने पिल्लू नेलं तेव्हा ऐकलं होतं.

टिंगी मागे वळला. "काय झालं त्याला?"

"म्हातारा झालाय," मी म्हटलं. "आमच्या घरात सगळेच झालेत. तू नीट जा."

मोकळा मोकळा चालत गेला. उजवीकडे जागा सोडली नव्हती. मी आत येऊन दोन वाट्या चहा प्यायले. हात अजून चालतो म्हातारीचा.

पाचवं नवक, सोमवार

या नवकात शिजलेला भात उघड्यावर गोठत नाही म्हणतात. मला तर आज हाडात गोठल्यासारखं होतंय. छातीत ती जुनी कळ आहे. लिहू नकोस. बरं, लिहिलंस तर लिहिलंस.

दोघे आले. अस्वल्या फिनाऊवर भुंकला. टिंगीवर भुंकला नाही. टिंगी त्याच्या नाकासमोरून गेला तरी, कोणी आलंच नाही असा पाय पसरून पडला होता. ओळखीचा झाला असेल आता, दोन वर्षं येतोय.

टिंगीने प्रार्थना केली. भावाचं नाव घेतलं नाही. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही. "आमेन" पण फिनाऊनेच म्हटलं.

कोळसा फोडायला गेला तो हातमोजे न घालता. बाहेर इतका गारठा, की लोखंडाला हात लावला तर कातडं सुटून येईल. मी ओरडले तेव्हा त्याने हात वर करून बघितले, दुसऱ्याचे असल्यासारखे. बोटांची टोकं पांढरी पडली होती. म्हणाला, "थंडी वाजत नाही." फिनाऊ त्याचे हात आपल्या काखेत घेऊन बसला. दोघे वडीलधारे असे बसले होते, की हसू यायला हवं होतं.

त्याला "चूल" हा शब्द आठवेना. ते इस्त्री केलेले शब्द पुसून गेलेत. आपल्या बोलीतले गेले ते एक, त्याच्या स्वतःच्या बोलीतलेही अडखळत होते, असं तू म्हणालीस. फिनाऊने "एल्डर टिंगी" म्हणून तीनदा हाक मारली तेव्हा कुठे मान हलली.

तू मला विचारलंस, आजी, तू काही केलंस का? मी म्हटलं, मी काय करणार? आता तू लिहितेस आणि माझ्याकडे बघतेस. खाली बघून लिही.

पाचवं नवक, गुरुवार

कुत्रा मेलेल्याला बघून शेपूट हलवत नाही.

अंगावरचे केस उभे करतो, बूड टेकवून मागे सरतो, गेरच्या, म्हणजे तंबूच्या, लोकरी नमद्याखाली शिरतो. मी ऐंशी वर्षं कुत्र्यांमध्ये काढली. अस्वल्याने मात्र दर वेळी शेपूट हलवली होती, ओळखीच्याला हलवतात तशी. मी ते बघितलं होतं. तुला सांगितलंही होतं, तू लिहिलंही आहेस. वाच बघू पहिलं पान.

भाऊ नव्हता तो. कधीच नव्हता. धसका बसलेल्या माणसाचा जीव अंगातून निसटतो आणि मागे मागे चालत राहतो, हाकेची वाट बघत. लहान पोरांचं होतं असं. घोड्यावरून पडतात, आई तीनदा नावाने हाक मारते, जीव परत येतो, पोर रडायला लागतं, संपलं. या पोराला त्या दिवशी फोनवर ती बातमी कळली तेव्हा आई समुद्रापलीकडे होती. हाक मारायला कोणी नव्हतं. वर्षभर त्याचा स्वतःचा जीव त्याच्या मागे चार पावलांवर चालत होता, आमच्या दाराशी येऊन उभा राहत होता.

आणि मी त्याच्यावर गरम राख टाकली, आणि म्हटलं, तुला कोणी ओळखत नाही, पाण्याकडे जा.

आज एवढंच.

पाचवं नवक, शनिवार

सकाळी फिनाऊ एकटा आला. "कुत्रा धरा" म्हणायचंही त्याला सुचलं नाही. अस्वल्याने एकदा भुंकून त्याला आत सोडला. या लोकांमध्ये एकमेकांना नजरेआड करायचं नसतं, एकटा मिशनरी म्हणजे एका चाकाची गाडी. तो दारात उभा राहून रडत होता, एवढा मोठा माणूस.

"आजी, तो गेला. पाणी आणतो म्हणाला, आणि कॅन तर घरातच आहे."

"कुठे गेला ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "मीच पाठवलंय."

तू माझ्यावर ओरडलीस ते नीट लिहिलंस का? लिही. "तू घरी बस, मरशील," म्हणालीस. मी म्हटलं, मेले तर माझं नाव कोणाला सांगू नकोस म्हणजे झालं, आणि शेजारच्या दांबाची जीप काढायला लावली.

नदीवर ऊन होतं. सगळं पांढरं, डोळे उघडवेनात. लोक पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या कापतात तिथे, काळ्या भोकाच्या काठावर टिंगी बसला होता, टोपी काढून शेजारी ठेवलेली, हातमोजे टोपीत. पाय पाण्यात नव्हते. अजून नव्हते.

आम्हाला बघून म्हणाला, "आजी, एवढ्या थंडीत कशाला आलात?" पाहुण्याला म्हणतात तसं. आवाज चांगला होता. तीच भीतीची गोष्ट होती.

मी तुझ्या हाताला धरून त्याच्यापाशी गेले. फिनाऊ बर्फावर पोटावर झोपून सरपटत आला, त्याला आपलं वजन ठाऊक आहे. त्याने मागून टिंगीच्या कोटाचा पट्टा घट्ट धरला.

"कोणाची वाट बघतोस?"

त्याने भावाचं नाव घेतलं. "तो पुढे गेला. मला थांब म्हणाला."

"तो नाही रे तो," मी म्हटलं. "तो केव्हाच पोचला. तिथे पुढे गेलाय तो तू आहेस. माझी चूक झाली, मी तुला ओळखलं नाही. आता मी तुला हाक मारते. तुझं नाव काय?"

"एल्डर टिंगी."

"ते बिल्ल्याचं. त्याने बिल्लाच येईल. दूध उतू जात असताना आई ज्या नावाने बोलवायची ते सांग."

त्याने तोंड उघडलं. भावाचंच नाव बाहेर आलं. त्याने मान हलवली, पुन्हा तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. घरात शिरून दिवा लावायला हात घालावा आणि भिंतच नसावी, तसं. मंदाख, दोन वर्षं हा मुलगा या देशात हिंडला, शेकडो माणसं त्याच्याशी बोलली, आणि त्याला त्याच्या नावाने एकाने हाक मारलेली नाही. त्याच्या धर्मात तशी पद्धत नाही, आपल्यात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

"वेल्डन," मागून फिनाऊ म्हणाला. तोंड बर्फाला टेकलेलं होतं. "घरून खोकं आलं होतं, त्यावर होतं. वेल्डन."

मी फिनाऊला आणि तुला सांगितलं, मी हाक मारेन, तुम्ही घरची माणसं म्हणून उत्तर द्या, "आला, आला." हाक बिनउत्तराची राहता कामा नये, नाहीतर जीव दाराशी येऊन परत जातो. फिनाऊला विचारलं, तुझ्या धर्माला चालेल ना? म्हणाला, "आजी, आधी हाक मारा."

मी त्याची टोपी उचलली, नदीकडे तोंड केलं. आई नव्हती, मी होते. टोपी आपल्याकडे ओढत हाक मारली. "वेल्डन! ये रे. तुझी टोपी इथे आहे. तुझे बूट इथे आहेत. तुझा जाड्या सोबती रडतोय. दूध-पाणी ठेवलंय चुलीवर. मी म्हातारी चुकले, माझ्यावर रागावून जाऊ नकोस. ये. वेल्डन!"

"आला, आला!" तुझा आवाज फुटला. फिनाऊचा पलीकडच्या डोंगरावर जाऊन आपटला.

दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. काही दिसलं नाही. काही दिसलं असं मी सांगणार नाही. पाणी काळं होतं तसंच होतं. छातीतली कळ एवढी उठली, की मी टोपीच धरून उभी राहिले.

मग टिंगीचे दात वाजायला लागले. आधी दात, मग खांदे, मग सगळा मुलगा. "आजी," तो म्हणाला, "आजी, थंडी. किती थंडी आहे ही. माझे हात." आणि ओरडायला लागला, हात दुखतात म्हणून, तान्ह्या पोरासारखा. मी टोपी त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. फिनाऊने त्याला पट्ट्याने ओढत काठावर आणलं. जीपमध्ये तो रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, असं नंतर म्हणाला.

सहावं नवक, मंगळवार

रस्ते काळे दिसायला लागले. बोटं वाचली, एका करंगळीचं टोक जाईल म्हणतात. फिनाऊने सगळं मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं, घालावंच लागतं म्हणाला. साहेबांनी डॉक्टर दाखवला, रागावले नाहीत. टिंगीने स्वतःच दोन महिन्यांचं ते पत्र मागे घेतलं. सणानंतर ठरल्या दिवशी जाणार.

तू त्याला विचारलंस, नदीवर काय वाटलं? म्हणाला, काही आठवत नाही. फक्त लांबून कोणीतरी आईसारखं माझ्या नावाने रागावलं, असं वाटलं.

मी विचारलं, झोप लागते का? म्हणाला, "लागते. पण तो आता येत नाही, आजी. शेजारची जागा खरंच रिकामी आहे."

पांढरा महिना, तिसरा दिवस

दोघे सणाला आले. अस्वल्या दोघांवर भुंकला. मी बाहेर उभी राहून मोजलं.

रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी माझी कोपरं खालून उचलून धरली आणि गाल लावले. टिंगीच्या हाताला पट्टी होती. बूझ, मटण भरलेले मोदक, उकडले होते. फिनाऊने किती खाल्ले ते लिहू नकोस, त्याच्या आईच्या कानावर जायचं. टिंगीने खाल्ले आणि हसला, त्याचे शब्द परत आलेत, पण इस्त्री गेली. आता जरा माणसासारखं बोलतो.

निघताना म्हणाला, "आजी, भावाला पण एकदा हाक माराल? नदीवर, तशी?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"तुला मारली तेव्हा यायला अंग होतं. त्याला मारली तर तो येईल, आणि उभा कुठे राहील?"

त्याने मान हलवली. पटलं म्हणून नाही, मोठ्यांना मान म्हणून. वाट सुखाची व्हावी म्हणून मी त्याच्या मागे दूध शिंपडलं. त्याला वेल्डन म्हटलं. त्याने पटकन मागे बघितलं, आणि फिनाऊ त्याला ओढत बसकडे घेऊन गेला.

सातवं नवक, शुक्रवार

डोंगरांची डोकी काळी झाली. तू म्हणालीस, सगळं सांग, आज मी कामावर पळणार नाही. लिही मग.

सकाळी तू कामावर निघतेस तोच तुझा फोन वाजला. परदेशी बाई होती. टिंगीची आई. इथे सकाळ, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. तो मुलगा माझ्या कालमध्ये जाऊन राहतोय तर. तू अर्धं ऐकून मला सांगत होतीस. मुलगा पोचला. जेवतो, बोलतो, बापाबरोबर शेतावर जातो. पण संध्याकाळ झाली, की कालव्याच्या काठाला जाऊन उभा राहतो आणि अंधार पडेपर्यंत येत नाही. आत्ताही तिथेच आहे. त्याने तिला नदीची गोष्ट सांगितली होती. तिला विचारायचं होतं, त्या म्हाताऱ्या बाईने नक्की काय केलं?

मी म्हटलं, "सांग तिला, काही केलं नाही. तिचं काम होतं, मी उसनं केलं. आता तिचं तिने करावं. घराच्या दारात उभी राहा म्हणावं, आणि त्याला हाक मार. बिल्ल्याचं नाही, तिने ठेवलेलं नाव. जेवण झालंय सांग, चूल पेटली आहे सांग. तीनदा. आणि एकच नाव, मंदाख. तिला नीट सांग. दुसरं नाव घ्यायचं नाही."

तू सांगितलंस. मला तुझ्या बोलण्यातून कळलं, तू सांगितलंस.

फोन तू माझ्या कानाला लावलास. दार उघडल्याचा आवाज आला. वारा आला, त्यांच्याकडचा, ओला. मग ती बाई ओरडली. "वेल्डन!" शेतकऱ्याची बायको आहे, आवाज लांब जातो. पुढे काहीतरी बोलली, जेवणाबद्दलच असेल. पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली.

मग थांबली. मला वाटलं, संपलं.

मग तिने दुसरं नाव घेतलं. पहिल्याइतकं मोठ्याने नाही. झोपलेल्याला उठवतात तेवढ्या आवाजात. तेही तीनदा.

मी तिला थांबवायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस, तुला वाटलं मी आता ओरडणार. मी वाट बघितली. तिच्या घरातून कोणीतरी उत्तर देईल, बाप, शेजारी, कोणीतरी. पण तिथे कोणालाही ठाऊक नव्हतं, की उत्तर द्यायचं असतं, नाहीतर आलेला दारातूनच परत जातो. नुसता वारा ऐकू येत होता, आणि ती बाई दारात श्वास घेत उभी होती.

मी तोंड फोनला लावलं आणि छातीत होती नव्हती ती सगळी हवा काढून आपल्याच भाषेत ओरडले, "आले! आले! दोघंही आले!"